दुखण्याच्या गोळीनं किडनी जाते का? बाबा ऐकूनच नाही राहिले

महालकर: बाबा ६३ वर्षांचे. सावजी भोजनालयात भट्टीपुढं उभं राहून दोन्ही गुडघे गेले. पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीशेजारी डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीचा पत्ता असतो. सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन वर्षं झाली. यंदा मे महिन्यात पारा ४५ वर, त्यात दोन दिवस जुलाब. तरी गोळी चालूच. मग लघवी कमी झाली, पाय सुजले. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, २.६ निघालं, बरंच जास्त. डॉक्टरांनी विचारलं, औषधं कोणती घेता? बाबा म्हणाले, "फक्त बीपीची." खोटं नव्हते बोलत. त्यांच्या लेखी ती गोळी औषधात येतच नाही, सुपारीसारखी आहे ते. वर मलाच म्हणतात, "किडनी खराब असती तर दुखली नसती का बे?" काय सांगू?

इतवारीचे काका: दुखत नाही, तेच तर वांधं आहे. मेडिकलच्या गल्ल्यावर बरीच वर्षं काढली मी. पत्त्यावर उभी लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. पण "चार द्या दुखण्याच्या" म्हटलं की कात्रीनं कापून मीपण दिल्या आहेत. नाव राहते एका तुकड्यावर, गिऱ्हाईक नेते दुसरा. अंगातलं पाणी कमी झालं की प्रोस्टाग्लँडिन नावाचं अंगातलंच रसायन किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते, अन् ही गोळी नेमकं तेच बंद पाडते. आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक त्याच जातीचे. बीपीची गोळी कोणती आहे?

महालकर: टेल्मिसार्टन, त्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं.

सिस्टर_नंदनवन: मग दुखण्याची, बीपीची अन् लघवीची अशा तिघी एकत्र, वर जुलाब, सगळा मार किडनीवर. बीपीची गोळी मनानं बंद करू नका दादा, पत्ते-डबे सगळे पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओता. लघवीतलं प्रोटीनही तपासा. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का, किती, ते त्यांनाच विचारा. काढे-भस्म घेत असतील तर तेही दाखवा.

इतवारीचे काका: बाबांना गिधाडांचं सांगून पाहा. हेच डायक्लोफेनॅक ढोरांना टोचायचे. मेलेलं ढोर खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या, थवेच्या थवे संपले. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

महालकर: सांगितलं काका. बाबा काटोलकडचे, लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी गिधाडं पाहिलेली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणून दिसून नाही राहिले होय." डबा उघडून पत्ता माझ्या हातावर ठेवला. आईच्या बटव्यातून आणखी दोन निघाले.