२८९ इंजिन नव्याने बांधलं, पण चारच सिलिंडर चालतात. कॅम चुकीची असेल का?

लाल६६: माझी १९६६ची फोर्ड मस्टँग आहे, २८९ घन इंचाचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन. इंजिन पूर्ण खोलून बांधलं: बोअरिंग, पिस्टन, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), टॅपेट (कॅमवर टेकणारे भाग) सगळं नवं. सुरू होतं, पण गचके देतं आणि कार्बोरेटरमधून फटाके फुटतात. कॉम्प्रेशन आठही सिलिंडरना १४५ ते १५५ पीएसआय. प्लगच्या वायरी इनटेक मॅनिफोल्डवर ओतलेल्या, सिलिंडर पेटण्याच्या क्रमानेच आहेत, १-५-४-२-६-३-७-८. कॅम फोर्डच्याच ३०२ इंजिनाची घेतली, २८९ला तीच बसते म्हणून. इंजिन पुन्हा उतरवणं आणि नवे भाग घेणं, दोन्ही आत्ता परवडणार नाही. घरच्या अवजारांनी काय तपासता येईल?

कार्बवेडा: कार्बोरेटरच आहे. माझ्याकडेही असेच फटाके होते, फ्लोटची (आतल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चुकली होती. शेवटी चार बॅरलचा नवा बसवला, तेव्हापासून गाडी लोण्यासारखी चालते. तुम्हीही नवाच घ्या.

रोलरभक्त: फ्लॅट (सपाट तळाच्या) टॅपेटचा नाद सोडा. मी रोलर कॅम, रोलर टॅपेट आणि नवे पुशरॉड एकदमच टाकले. खर्च झाला, पण झोप शांत लागते.

लाल६६: नवे भाग नकोत असं वर लिहिलंय हो.

उलटारोटर: डिस्ट्रिब्यूटर (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) उलटा बसलाय. टायमिंग चेनच्या (क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर आल्या की १ नंबर फायरिंगला आहे असं वाटतं, पण तेव्हा पाळी ६ची असते. माझे दोन रविवार यात गेले.

तेलकट_हात: डिस्ट्रिब्यूटर उलटा असता तर एकही सिलिंडर धड पेटला नसता. ताई, कोणते चार मेलेत? इंजिन चालू ठेवून इन्सुलेटेड पकडीने एकेक वायर काढून बघा.

लाल६६: १, २, ६, ८ची वायर काढली की इंजिन खाली बसतं. ३, ४, ५, ७ काढून काहीच फरक पडत नाही.

तेलकट_हात: मग कॅमच. फोर्डने ३०२मध्ये दोन फायरिंग ऑर्डर, म्हणजे पेटण्याचे क्रम, वापरल्या. जुनी तुम्ही लिहिलीत ती. १९८२च्या मस्टँग जीटीमधल्या एचओ (हाय आउटपुट) ३०२ इंजिनाला फोर्डच्याच ३५१ विंडसर इंजिनाची दिली: १-३-७-२-६-५-४-८. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहा. १, २, ६, ८ जागच्या जागी राहतात, उरलेले नेमके तुमचे मेलेले चार. त्यांची ठिणगी क्रँकच्या एका पूर्ण फेरीने चुकते. तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो, म्हणून भडका कार्बोरेटरमधून बाहेर येतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन मात्र एकमेकांशी जुळलेले आहेत, त्यामुळे कॉम्प्रेशन छान दिसतं.

खात्री करायची तर रॉकर कव्हर काढा. १ नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर) आणा आणि क्रँक नेहमीच्या दिशेने ९० अंश फिरवा. आता ३ आणि ५ दोघांचे पिस्टन वर असतील. ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, त्याची पाळी. ५ निघाला तर मी चुकलो. ३ निघाला तर डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर ३ आणि ५च्या वायरींची अदलाबदल करा, तशीच ४ आणि ७ची. खर्च शून्य.

झिंकप्रेमी: ऑइल कोणतं भरलंय? झिंक कमी असेल तर नवी फ्लॅट टॅपेट कॅम खलास. मी सगळ्यांना हेच सांगतो, कुणी ऐकत नाही.

कार्बवेडा: ऑइलने फटाके फुटत नाहीत. फ्लोट बघा आधी.

झिंकप्रेमी: फटाक्यांचं बोलतच नाहीये मी. नवी कॅम पहिली वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास चालवायची असते, म्हणजे लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) तेल उडत राहतं आणि टॅपेट फिरत राहून जागा धरतात. हे इंजिन तर पहिल्या दिवसापासून गचके देत खाली चाललंय. एखादा लोब झिजलाही असेल.

लाल६६: ३ निघाला! वायरी बदलल्या आणि आठही सिलिंडर एका सुरात चालले. बॉनेटपाशी उभी राहून नुसती ऐकत होते. तेलकट_हात, मनापासून आभार.

चेनवाला: टायमिंग चेनचा एक दात चुकलाय, माझंही तसंच झालं होतं.

तेलकट_हात: वरचं वाचा. दात चुकला असता तर आठही सिलिंडरना सारखाच त्रास झाला असता. ताई, झिंकप्रेमींचं मात्र मनावर घ्या. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावून प्रत्येक लोबची लिफ्ट मोजा.

लाल६६: मोजली. आठही इनटेक आपसात सारखे, आठही एक्झॉस्ट आपसात सारखे. झीज नाही.

रोलरभक्त: तरीही रोलरच.

उलटारोटर: आता हात लावू नका. नव्या क्रमाची पट्टी रॉकर कव्हरवर चिकटवा आणि गाडी चालवा.

तेलकट_हात: सहमत. चालत्या इंजिनाला उगाच उघडू नये.

लाल६६: सगळ्यांचं पटतंय, तरी पैसे जमले की जुन्या क्रमाची कॅम टाकणार आहे, नव्या टॅपेटसकट. ती समोरून निघते, इंजिन उतरवावं लागत नाही. रेडिएटर, टायमिंग कव्हर आणि मॅनिफोल्ड काढावं लागेल, ते करेन. पट्टी कधीतरी गळून पडते, मॅनिफोल्डवरची अक्षरं तिथेच राहतात. माझ्यानंतर जो ही गाडी उघडेल तो तीच वाचून वायरी लावणार. तोपर्यंत पट्टी लावते. ऑइल लागलं तरी टिकेल असा गोंद कोणता?

कार्बवेडा: गोंद नको, पत्र्यावर अक्षरं ठोकून घ्या. आणि फ्लोट बघाच.