मदत हवी आहे: पुण्यात कमी पैशांत ताजी, इथलीच फळं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. आम्ही कात्रजला राहतो. घरात दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सगळा खर्च भागवून फळांसाठी महिन्याला जेमतेम 800 रुपये निघतात. त्यात सफरचंद, किवी बसत नाहीत, आणि तशी गरजही वाटत नाही. सासवड, पुरंदरची सीताफळं, पेरू, डाळिंबं इतकी जवळ पिकत असताना मुलांना तीच मिळावीत असं मनापासून वाटतं.

पण कोपऱ्यावरच्या गाडीवर सीताफळं नगावर विकतात आणि भाव ऐकून हात मागे येतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात स्वस्त मिळतात म्हणे, पण तिथे किरकोळ दोन-तीन किलो देतात का, की अख्खं क्रेटच घ्यावं लागतं? सकाळी किती वाजता गेलेलं बरं? की थेट सासवडच्या बाजारात जाणं परवडेल? बसभाडं धरून हिशेब कुणी केला असेल तर जरूर सांगा.

आमच्या मजल्यावरच्या दोघीजणी क्रेट वाटून घ्यायला तयार आहेत. अडचण एवढीच की सीताफळं एकदम पिकतात. सालीवरचे डोळे (खवले) उघडून त्यांच्या मधल्या रेषा पांढुरक्या झालेली, पण अजून कडक अशी फळं निवडली तर किती दिवस पुरतात? जास्त पिकलेल्यांचा गर काढून ठेवता येतो का?

जवळपास शेतकरी आठवडे बाजार कुठे, कोणत्या वारी भरतो तेही कळवा. केळी सोडून सासूबाईंना चावायला सोपं, स्वस्त फळ कुठलं, हेही सुचवा.