मदत हवी आहे: वॉलपेपरचा स्लाइडशो एकाच फोटोवर अडकतो, आणि फोटोखालची नावं दिसत नाहीत

लॅपटॉप बाबांचा आहे, विंडोज ११. हल्ली त्यांना जवळच्या माणसांची नावं चटकन आठवत नाहीत, आणि आठवली नाहीत की ते गप्प होतात. रोज सकाळी दोन-तीन तास ते लॅपटॉपवर असतात. म्हणून मी घरातले १४० फोटो स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाकले आणि प्रत्येकाच्या तळाशी ठळक अक्षरांत नाव आणि नातं लिहिलं. उदा. 'माई, तुमची थोरली बहीण'.

सेटिंग्ज › पर्सनलायझेशन › बॅकग्राउंडमध्ये जाऊन 'स्लाइडशो' निवडला, ब्राउझ करून तो फोल्डर दिला, वेळ १० मिनिटं ठेवली. माझ्यासमोर सगळं नीट चाललं. पण बाबांकडे गेलं की फोटो बदलतच नाही. काल सकाळभर एकच फोटो होता.

दुसरं म्हणजे नावाची ओळ टास्कबारच्या मागे जाते. काही फोटोंत तर ती कापलीच जाते, आणि उभ्या फोटोंत डोकीही कापली जातात. टास्कबार लपवायचा नाही, बाबा गोंधळतील.

शिवाय वेळेच्या यादीत १ मिनिट, १० मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, ६ तास आणि १ दिवस एवढंच आहे. मला १५ मिनिटं हवी आहेत. करता येईल का?

प्रतिसाद १
बाबा चार्जर काढून बसतात का? बॅटरीवर स्लाइडशो थांबवून ठेवलेला असतो. त्याच पानावर, शफलच्या जवळच, बॅटरीवर असतानाही स्लाइडशो चालू ठेवायचं बटण आहे, ते ऑन करा. तरीही अडकलं तर कंट्रोल पॅनेल › पॉवर ऑप्शन्समध्ये प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे 'डेस्कटॉप बॅकग्राउंड सेटिंग्ज'खाली 'ऑन बॅटरी'समोर 'पॉज्ड' असेल, ते 'अव्हेलेबल' करा.

१५ मिनिटंही जमतील. आधी 'थीम्स'मध्ये जाऊन आत्ताची थीम सेव्ह करा. ती युजरच्या अ‍ॅपडेटा › लोकल › मायक्रोसॉफ्ट › विंडोज › थीम्स या फोल्डरमध्ये जाते (अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, व्ह्यूमधून 'हिडन आयटम्स' दाखवा). फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'स्लाइडशो' या भागात 'इंटरव्हल'समोरचा आकडा मिलिसेकंदांत असतो. तिथे ९००००० लिहा, सेव्ह करा आणि फाइलवर डबल क्लिक करा.

प्रतिसाद २
कापलं जातंय ते 'फिल'मुळे. त्यात पूर्ण पडदा भरण्यासाठी फोटो मोठा होतो आणि कडा बाहेर जातात. 'फिट' करा, फोटो अख्खा दिसेल, बाजूला उरेल तिथे तुम्ही निवडलेला रंग येईल. मात्र हे सेटिंग सगळ्या फोटोंना एकच लागतं.

टास्कबारचं 'फिट'ने सुटणार नाही, कारण वॉलपेपर टास्कबारच्या मागेही पसरलेला असतो. टास्कबारची उंची ४८ पिक्सेल, आणि डिस्प्ले स्केल १५०% असेल तर ७२. म्हणून नावाच्या खाली फोटोतच कोरी पट्टी जोडा, फोटोच्या उंचीच्या साधारण दहाव्या भागाएवढी. ती पट्टी टास्कबारमागे जाईल आणि नाव वर राहील.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. बाबा खरंच चार्जर काढून व्हरांड्यात बसतात, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बटण ऑन केलं आणि आज फोटो बदलत राहिले. १२ फोटोंना पट्टी जोडून पाहिली, नाव स्वच्छ दिसतं. माईच्या फोटोवर बाबा थांबले, ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "तिला फोन लाव."

उरलेल्या १२८ फोटोंना पट्टी एकदम जोडता येईल का? एकेक करायला फार वेळ लागतोय.

प्रतिसाद २
इरफानव्ह्यू वापरा, फुकट आहे. त्याच्या बॅच कन्व्हर्जनमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांत 'कॅनव्हास साइझ' आहे, तिथे फक्त खालच्या बाजूला पिक्सेल वाढवा. फोटोंचे आकार वेगवेगळे असतील तर आधी त्यांची उंची सारखी करून घ्या, म्हणजे पट्टीही सारखी येईल. नव्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. मूळ स्कॅनना हात लावू नका.