उन्हाची लाट, हृदयरोगी वडील आणि पाण्याची मर्यादा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडील ७८ वर्षांचे. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, म्हणून दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू आहे. लाट आली की जो तो सांगतो, भरपूर पाणी प्या. यांना तेच चालत नाही. जास्त झालं की पाय सुजतात, दम लागतो. कमी पडलं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात या वयात तहानही नीट लागत नाही. ‘मला काही नको’ म्हणतात आणि ओठ मात्र सुकलेले असतात.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, त्यामुळे अंग निवायला वेळच मिळत नाही. मला दुपारइतकीच रात्रीची धास्ती वाटते. शिवाय दिवसा आम्ही दोघंही कामावर. १९९५ मध्ये शिकागोत लाटेने जे दगावले, त्यांत एकटे राहणारे वृद्ध बरेच होते, हे वाचल्यापासून चैन नाही.

अशा रुग्णासाठी लाटेच्या दिवसांत पाण्याची मर्यादा किंवा गोळी कुणी डॉक्टरांकडून बदलून घेतली आहे का? आणि पंखा कितपत कामाचा? ४० अंशांच्या वर तो गरम हवाच अंगावर मारतो म्हणे.

प्रतिसाद

आईचं असंच आहे, म्हणून लिहिते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या : वजन किती वाढलं किंवा उतरलं की फोन करायचा, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळीचं काय करायचं. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. ओआरएसमध्ये मीठ असतं, तेही विचारूनच द्या.

पिण्यावर मर्यादा आहे, अंग ओलं करण्यावर नाही. ओला पंचा मानेवर, हातापायांवर ठेवा आणि मग पंखा लावा. नुसता पंखा मात्र तुम्ही म्हणता तसा ४० च्या वर नकोच. दुपारी शेजारच्या कुणीतरी प्रत्यक्ष डोकावून जावं, फोनवर ‘बरा आहे’ एवढंच ऐकू येतं. बोलणं असंबद्ध झालं, तोल गेला, तर घाम येत असला तरी उष्माघात धरून चाला : रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंगावर गार पाणी घालत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.