मामलेदार हाच देवस्थानचा प्रशासक

'सरकारने देवळाच्या कारभारात पडू नये, गोव्यात तसंच चालतं' असं एकाने लिहिलंय. पहिल्या अर्ध्यावर वाद घालता येईल, दुसरं मात्र खरं नाही. आमच्या महाजनी देवळांना, म्हणजे महाजनांच्या (देऊळ स्थापन करणाऱ्या घराण्यांच्या वंशजांच्या) हाती असलेल्या देवळांना, पोर्तुगीज काळातला १९३३ चा देवस्थान कायदा लागू आहे आणि त्यात मामलेदार हाच प्रशासक. पूजा कशी करायची यात तो पडत नाही. अंदाजपत्रक, हिशेब, समितीची निवडणूक मात्र त्याच्या नजरेखालून जाते.

मी दोन वर्षं आमच्या खजिनदारांच्या हाताखाली काम केलंय. जत्रेनंतर फंडपेटी चटईवर ओतायची, नारळाच्या पाण्याने चिकटलेल्या नोटा एकेक सुट्या करायच्या, पाच जणांनी मोजून वहीत सह्या करायच्या. हिशेब वर दाखवायचाय म्हणूनच ही शिस्त टिकते, त्यामुळे ही देखरेख मला हवीच आहे. खुपतं ते वेगळंच. आमच्या महाजनांच्या यादीत फक्त पुरुष. माझी बहीण लहानपणापासून पालखीसाठी अबोलीचे वळेसर (गजरे) करते, पण सभेत तिला मत नाही. सरकारने हात घालायचाच तर आधी इथे घालावा.