मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीत रात्री ‘कडक्’ आवाज येतो आणि गोगलगायी मरताहेत

निवटी: मंडळी, लवकर सांगा. दिवे मालवले की टाकीतून काचेवर चमचा आपटल्यासारखा आवाज येतो. परवा आई दचकून उठली, तिला वाटलं काच तडकली. सात टर्बो गोगलगायींतल्या तीन उरल्या, बाकीच्यांचे रिकामे शंख वाळूत पडलेत. दगडाच्या भोकात काहीतरी राहतंय. काय आहे आणि बाहेर कसं काढू? फोटो मागू नका, उजेड दिसला की आत पळतं.

खारा_वारा: टाकी किती लिटरची? कधी लावली? मासे कोणते? आणि मुख्य म्हणजे दगड कुठला?

निवटी: याचा आवाजाशी काय संबंध? दोन फुटी आहे, साधारण ७० लिटर, आठ महिने झाले. क्लाऊनची जोडी आहे, ती ठीक आहे. खारटपणा १.०२५. आता सांगा.

डोंबिवलीचा_अमोघ: मॅंटिस श्रिंप, शंभर टक्के. माझ्याकडे दोन वर्षं होता. ठोसा मारून शंख फोडतो. यातली मोर मॅंटिस नावाची जात सेकंदाला २३ मीटर वेगाने ठोसा मारते असं मोजलेलं आहे. भोकात बोट घालू नका, अंगठा फाडेल. प्लॅस्टिकची बाटली कापून तोंड उलटं बसवा, आत कोळंबीचा तुकडा ठेवा, सकाळी आत सापडेल.

शुभदा_प: मिठाचं प्रमाण दहा लिटरला एक चमचा ठेवा, रोग येत नाहीत. माझ्या गप्पींना हेच करते.

खारा_वारा: शुभदाताई, ही समुद्री टाकी आहे, गोड्या पाण्याची नाही. निवटी, दगड?

जुना_मासेवाला: एवढा खल कशाला? दगड काढा, पातेल्यात अर्धा तास उकळा, आत जे असेल ते संपेल. मी असंच करत आलोय.

सागरिका: कृपा करून उकळू नका! दगडावर बटणांसारखे झोअँथिड (प्रवाळाचे नातेवाईक असलेले मऊ समुद्री जीव) असतील तर त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर घरात पसरतं. दगड उकळून सबंध कुटुंब रुग्णालयात गेल्याची उदाहरणं आहेत. घरात आई आहे म्हणता, मग तर अजिबातच नको.

जुना_मासेवाला: मला वीस वर्षांत काही झालं नाही. बरं, नका उकळू, तांब्याचं औषध टाका.

सागरिका: तांब्याने गोगलगायी, कोळंब्या, सगळेच बिनकण्याचे प्राणी मरतील आणि ते दगडात मुरून बसेल. पुन्हा त्या टाकीत गोगलगाय ठेवता येणार नाही. तुमचा अनुभव मोठा आहे, पण हा सल्ला मागे घ्या.

निवटी: दगड दोन आहेत. एक दुकानातला, जुना. दुसरा मामाच्या गावचा, रत्नागिरीजवळच्या खडपातून मे महिन्यात ओहोटीला उचलला. यात काय सांगायचं होतं?

खारा_वारा: अहो, हेच तर दोनदा विचारलं! त्यावर टणक प्रवाळ नाही ना? २००१ पासून टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच परिशिष्टात आहे, पहिल्या. बारीक खळग्यांची कडक पोळी दिसली तर आधी ते सांगा.

निवटी: नाही, फक्त कालवांची कवचं आणि हिरवं शेवाळ.

रेवदंडेकर: कालवं ताजी असतील तर कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुरेख होतात. आमच्याकडे कोयत्याने फोडतात.

सागरिका: खडपातला दगड म्हणजे मॅंटिसपेक्षा पिस्तूल कोळंबीची शक्यता जास्त. मुंबईच्या किनाऱ्यावरही ओहोटीला दगड उलटला की ती दिसते. एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी असते, ती फटकन मिटली की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा आवाज येतो. मॅंटिसचे डोळे देठांवर असतात आणि वेगवेगळे फिरतात. पिस्तूलचे कवचाखाली दडलेले असतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधून बघा, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही.

डोंबिवलीचा_अमोघ: पिस्तूल कोळंबी टर्बोचे शंख फोडत नाही. माझं मत मॅंटिसच.

सागरिका: मान्य, म्हणून शंख कसे फुटलेत ते कळायला हवं. मधोमध भोक आहे की कड कुरतडली आहे?

निवटी: कड कुरतडलीय. कडेने तुकडे तुकडे काढल्यासारखी. काल रात्री लाल टॉर्च घेऊन दीड तास बसलो. भोकात एक नांगी मोठी असलेली कोळंबीच आहे, डोळे दिसले नाहीत. पण दगडाच्या मागच्या बाजूने एक केसाळ खेकडा आला, नांग्यांची टोकं काळी. पाचवी गोगलगाय त्याच्याच नांगीत होती.

खारा_वारा: म्हणजे आवाज करणारा एक आणि खाणारा दुसरा. खेकडा काढा. तो दगडाच्या ज्या भोकात शिरतो ते बघून दगड बादलीवर धरा आणि भोकात सिरिंजने आरओचं पाणी मारा, बाहेर येतो. टाकीचंच तापमान ठेवा. कोळंबीला राहू द्या, ती वाळू उकरते, उरलंसुरलं खाते.

डोंबिवलीचा_अमोघ: बरोबर, मी चुकलो. पण दगड लहान असेल तर घट्ट बसवा. ती खालून वाळू काढते, दगड कलंडून काच फुटेल.

निवटी: खेकडा निघाला. समुद्रात सोडू का? मामाकडे दिवाळीत जाणार आहे.

सागरिका: नको. दुकानच्या माशांबरोबर सहा महिने राहिलाय, त्यांचे रोग किनाऱ्यावर जातील. लहान टाकीत, एका फिल्टरवर आणि सुरमईच्या तुकड्यांवर तो आरामात जगेल.

निवटी: दुसरी टाकी लावली. पण आज सकाळी कोळंबी मेलेली दिसतेय! बिळाच्या तोंडाशी आडवी पडलीय, हलत नाही. दोन रात्री आवाजही नव्हता. आई म्हणते, शांत का वाटतंय. पाणी बदलू का?

सागरिका: थांबा, काहीही करू नका. चिमट्याने हळूच उचला आणि उजेडात धरा. पोकळ आहे का?

निवटी: पोकळ आहे. मोठी नांगीसुद्धा, आरपार दिसतंय.

सागरिका: कात टाकलीय. नवं कवच कडक होईपर्यंत आठवडाभर बीळ उकरू नका, दगड हलवू नका. कात परत टाकीत ठेवा, ती खाईल.