नैवेद्याआधी काढलेल्या पोळ्या आणि ख्रिस्ती नम्रता

शरणपूरकर : नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजी दर गणेश चतुर्थीला आमच्याकडे उकडीचे मोदक पाठवतात. यंदा दार माझ्या पुतण्याने उघडले आणि ‘आम्ही प्रसाद घेत नाही’ एवढेच बोलून लावूनही घेतले. गौरीजेवणाच्या दिवशी आजी दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “या पोळ्या नैवेद्य दाखवायच्या आधीच बाजूला काढल्यात, तुम्हाला चालतील.” ज्या घरात नैवेद्याआधी पुरणाची चवसुद्धा कोणी घेत नाही, त्या घरातल्या बाईने आमच्यासाठी आपला नेम मोडला होता. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाच्याच वादावर प्रेषित पौल म्हणतो की ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने घडतो. ते पत्र आम्ही वाचतो; पाळले मात्र आजींनी. ख्रिस्त हाच मार्ग आहे, असे मी मानतो, पण म्हणून तो मार्ग माझ्या मालकीचा होत नाही, आणि इतर धर्मीयांसमोर वावरताना आपण नेमके हेच विसरतो, असे माझे मत आहे.

वचननिष्ठ : आपल्या पुतण्याचा उद्धटपणा चुकला, नकार नव्हे. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात, अन्न मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर ते खाऊ नका, असे स्पष्ट लिहिले आहे. नम्रतेच्या नावाखाली आपली श्रद्धा इतकी पातळ करायची की समोरच्याला ती दिसूही नये, याला मी भिडस्तपणा म्हणतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. भीड धरली असती तर हे काहीच घडले नसते.

शरणपूरकर : आपण दिलेला संदर्भ बरोबर आहे, परंतु पुढच्याच ओळीत पौल सांगतो की ही सदसद्विवेकबुद्धी तुमची नव्हे, त्या दुसऱ्या माणसाची. आणि टिळकांचेच म्हणाल, तर तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले हे ते उघडपणे मान्य करत, आणि आयुष्याच्या अखेरीस १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या मंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ठामपणा आणि ऋण मानणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसात होत्या.

गोदाकाठ : मी पंचवटीतला, हिंदू. एका नाताळच्या कार्यक्रमाला आग्रहाने बोलावले म्हणून गेलो, तर प्रार्थनेत ‘अंधारात असलेल्या आमच्या पाहुण्यांसाठी’ प्रकाश मागितला गेला. मागणाऱ्याचा स्वर अतिशय मृदू होता, आणि लागले ते त्यामुळेच. समोरचा चुकलेलाच आहे हे आधी ठरवून मग त्याच्याशी गोड बोलणे हा सभ्यपणा झाला. त्याला नम्रता कशी म्हणायची? आम्ही निदान सगळे देव एकच मानतो.

शरणपूरकर : त्या प्रार्थनेची मला लाज वाटते. येशूने एका रोमी शताधिपतीकडे, म्हणजे परक्या सैन्यातल्या अधिकाऱ्याकडे पाहून, इस्राएलातही असा विश्वास आढळला नाही, असे म्हटले होते. परक्यात प्रकाश नसतोच, हे आपल्याला कोणी शिकवले? मात्र ‘सगळे देव एकच’ या वाक्याविषयी माझीही एक तक्रार आहे. त्यात माझ्या श्रद्धेचा अर्थ मला न विचारता तुम्हीच लावून टाकता.

गोदाकाठ : हे मान्य. असा विचार केला नव्हता.

नाशिकरोडकर : आम्ही कॅथलिक. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला या. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत इतर धर्मांचे लोक कितीतरी असतात, आणि मतसार (ख्रिस्ती श्रद्धेची कबुली) म्हणून दाखवा असे त्यांना कोणी म्हणत नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे आमच्या धर्माधिकाऱ्यांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच जाहीर केले आहे.

वचननिष्ठ : नवसाची रांग म्हणजे संवाद नव्हे. शिवाय बायबलमधल्या आपल्या पत्रात प्रेषित पेत्र आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो.

नाशिकरोडकर : विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने व आदराने. तेवढा भाग आपण गाळलात.

वचननिष्ठ : गाळला, खरे आहे. पण उत्तर द्यायचे आहे, हे तरी राहतेच.

शरणपूरकर : ते राहतेच, यावर आपले दुमत नाही. पुढचे सांगतो. नाताळला पुतण्या स्वतःहून आजींकडे फराळाचे ताट घेऊन गेला, क्षमाही मागितली. आजींनी करंजी घेतली, केकच्या तुकड्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “यात अंडे नाही ना, बाळा?” होते. घरात आम्ही पाच जण. एकाच्याही ते मनात आले नव्हते.